गोंड्याची रोपं, तारीख सांगून

कुंडीत भरगच्च फुललेलं झाड उचलायचं, पायरीवर ठेवायचं आणि आल्यागेल्याने कौतुक केलं की पैसे वसूल, असा ज्यांचा हिशेब आहे त्यांनी या नर्सरीच्या वाटेला जाऊ नये. इथे फुललेलं काही मिळत नाही. मिळतात ती गोंड्याची, म्हणजे झेंडूची, बोटभर रोपं, आणि तीही उलटतपासणी झाल्यावर. मला तर हाच प्रकार आवडला. तक्रारी आहेत, त्या पुढे सांगतेच.

दापोलीहून हर्णैकडे उतरणाऱ्या रस्त्यापासून नर्सरी जरा आत आहे. पाटी नाही. पाटी लावली की पर्यटक थांबतात, फोटो काढतात आणि कढीपत्त्याचं एक रोप घेऊन जातात, असं मालकांचं म्हणणं. हिरवं शेडनेट आणि पुढ्यात जांभ्या चिऱ्यांची रास, एवढीच खूण. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. रोपांचं खरं काम त्यांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, हे दोन मिनिटांत कळतं.

आपल्याकडे नर्सरी म्हणजे कलमं. हापूस, वेंगुर्ला-४ काजू, सुपारी, मिरवेल, जायफळ. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे कलमाच्या बाबतीत इकडचा माणूस भलता चोखंदळ. जोड कुठे आहे, खुंट कसला आहे, सगळं वाकून बघतो. फुलझाडांची गोष्ट निघाली की मात्र जास्वंद, मोगरा, अनंत आणि हल्लीचं अडेनियम इथे गाडी थांबते. गोंड्याला कुणी मोजत नाही. मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोच गोंडा घाटावरून टेम्पोत येतो, गोणीत निम्मा शिजलेला असतो, आणि आपण सांगतील तो भाव देऊन घरी आणतो. माझ्या घरी पाहुण्यांच्या खोल्या आहेत, देवघर आहे, दाराला तोरण लागतं, गणपतीला मखराला माळा लागतात. हा खर्च मला कायम खुपत आला आहे.

तर उलटतपासणी. बाकी ठिकाणी "कुठला रंग देऊ?" असं विचारतात. इथे पहिला प्रश्न, "ताई, फुलं कधीला पायजेत?" गणपतीला, म्हटलं तर एक ट्रे पुढे येतो. दसऱ्याला, म्हटलं तर दुसरा. नुसतं "घरी लावायला" असं उत्तर दिलं तर भाऊ नाराज होतात आणि चहा प्यायला लागतात.

प्रश्नामागे नीट हिशेब आहे. त्यांच्याकडे दोनच प्रकार असतात. एक बुटका हायब्रिड, गुडघ्याच्याही खाली राहणारा, नारिंगी, चेंडूसारखा गच्च. दुसरा इकडचा जुना उंच गोंडा, कमरेपर्यंत जाणारा, फूल थोडं सैल, वास उग्र. बुटका हायब्रिड रोप लावल्यापासून साधारण ४५ ते ५० दिवसांत फुलावर येतो आणि दिवस लहान आहे की मोठा, याची फारशी पर्वा करत नाही. उंच जातीला ६० ते ६५ दिवस लागतात आणि ती दिवस लहान होण्याची वाट बघते. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बारा तासांच्या आत येतो. म्हणून उंच गोंडा जूनमध्ये घाईघाईने लावला तरी तो पाला वाढवत बसतो आणि कळ्या धरतो सप्टेंबर उजाडल्यावरच. वहिनींना हे कुणी शिकवलेलं नाही. त्या एवढंच म्हणतात, "उंच्याला नवरात्राशिवाय फुलायचं नसतं."

यंदाचा हिशेब तर मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते आणि दसरा २ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. पंचांग पुढे सरकलं, पण झाड काही पंचांग बघत नाही. गेल्या वर्षी दसऱ्याचं रोप जुलैच्या ऐन धारेत लावायला लागलं होतं. यंदा तेच ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लावलं तरी चालेल, शेंडा खुडण्याचे दिवस धरूनसुद्धा. गणपतीसाठीचा बुटका मात्र जुलैच्या मध्यापर्यंत जमिनीत गेलेला बरा. भाऊ हे सगळं बोटांच्या पेरांवर मोजतात आणि चुकत नाहीत. मी घरी येऊन कॅलेंडरवर ताडून बघितलं आहे.

आता रोपांची प्रत. ९८ खणांचा प्रो-ट्रे, म्हणजे रोपं वाढवायचा प्लॅस्टिकचा ट्रे, प्रत्येक खणात एक रोप, चार ते सहा पानं, खोड जांभळट आणि आखूड. हे आखूड असणं महत्त्वाचं. बाजारात पाटीत मांडलेली रोपं बघा, सावलीत वाढवलेली, लांबुडकी, मान पडलेली. वहिनी शेवटचे आठ-दहा दिवस ट्रे शेडनेटच्या बाहेर काढतात आणि पाणी हात राखून घालतात. त्यामुळे रोप दिसायला गरीब दिसतं, पण लावल्यावर दुसऱ्या दिवशी ताठ असतं. ट्रे उलटा करून बुडाशी टिचकी मारली की मुळांचा पांढरा गड्डा अख्खा बाहेर येतो. रोपाला पाच रुपये. कृषी केंद्रातल्या हायब्रिडच्या पाकिटाचा भाव आणि आपल्या दमट हवेत फुकट जाणारं बी धरलं तर हे महाग नाही. गोंड्याचं बी फडताळात एक पावसाळा काढलं की त्याच्या उगवणीचा भरवसा राहत नाही. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटांवर तर फुलाचा फोटो तेवढा ठसठशीत असतो, बी कधीचं आहे ते भिंगातून वाचावं लागतं.

ट्रेमध्ये माती नसते, कोकोपीट असतं. कोकोपीटची वीट येते पोल्लाचीहून. आपण इथे नारळाची सोडणं बंबात घालायची आणि त्याच सोडणांचा भुसा तमिळनाडूहून विकत आणायचा, हे मला अजून पचलेलं नाही. असो. कोकोपीटच्या रोपाची एक खोड आहे. भोवतीची माती ओली असली तरी मधला गड्डा सुकू शकतो. म्हणून रोप ट्रेमध्ये जेवढं बाहेर दिसतं तेवढंच बाहेर ठेवू नका, खालच्या पानांपर्यंत खोल पुरा. गोंड्याच्या खोडाला मातीत गेल्यावर मुळं फुटतात, त्यामुळे झाड वाऱ्यालाही टिकतं. समुद्राकडून येणारा जुलैचा वारा ज्यांच्या अंगणात घुसतो त्यांना हे वेगळं सांगायला नको. उंच जातीला तरीही बांबूची काठी लागतेच.

लावणीबद्दल भाऊ बरंच बोलतात. त्यातलं जे मला खरं वाटलं तेच देते. जागा पूर्ण उन्हाची हवी. सुपारीच्या आगरात दोन झाडांच्या मधे मोकळं दिसतं म्हणून गोंडा लावायचा मोह होतो, पण तिथे तो उंच होतो आणि फुलत नाही. खळ्याच्या कडेला, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दक्षिणेला किंवा सरळ गच्चीवर. पावसाळ्यात सपाट वाफा नको, वीतभर उंचीचा गादीवाफा करा. दोन रोपांत बुटक्यासाठी एक फूट, उंचासाठी दीड फूट. जास्त जवळ लावलं की पानं वाळत नाहीत आणि त्यावर तपकिरी ठिपके येतात, मग खालून झाड भाजल्यासारखं होतं. आपली जांभी माती निचऱ्याला चांगली पण आंबट. गोंड्याला इतका आंबटपणा सोसत नाही, पानांवर तांबूस बारीक डाग पडतात. वाफा करतानाच मूठ-दोन मूठ चुलीतली राख किंवा थोडा चुना मातीत मिसळला की पुरतं. शेणखत कुजलेलं, तेही बेताने. युरिया अजिबात नको, नाहीतर नुसतं हिरवंगार जंगल होतं. मासळीचं खत घालणाऱ्यांनी आधी गावातल्या कुत्र्यांचा बंदोबस्त करावा.

शेंडा खुडणं ही या सगळ्यातली सर्वांत फायद्याची गोष्ट आणि लोक नेमकी तीच टाळतात. रोप लावून तीन-चार आठवडे झाले, झाड वीत-दीड वीत झालं की वरचा शेंडा नखाने खुडायचा. हात धजत नाही, कारण बहुतेक वेळा त्या शेंड्यात पहिली कळी दिसायला लागलेली असते. खुडलं की फुलं दहा-बारा दिवस उशिरा येतात, पण बाजूच्या फांद्या फुटून एकाच्या जागी भरपूर येतात. तारखेचा हिशेब करताना हे दिवस धरायचे. आणि आता कंजूष माणसांसाठी खास. तो खुडलेला शेंडा टाकू नका. खालची पानं काढा, कळी असेल तर ती काढा आणि ओल्या वाळूत खोचा. आपल्या पावसाळी हवेत दहा-बारा दिवसांत मुळं धरतो. ही झाडं बुटकी राहतात, पण फुलतात झकास. एका ट्रेचे पैसे देऊन दीड ट्रे पदरात पडतो. हे मला वहिनींनी सांगितलं. भाऊंनी सांगितलं नाही, आणि का ते उघड आहे.

तक्रार पहिली. नावाच्या चिठ्ठ्या नाहीत. हायब्रिड कुठल्या कंपनीचा, जात कुठली, विचारलं तर उत्तर "कलकत्ता". महाराष्ट्रात निम्म्या नारिंगी गोंड्याला कलकत्ताच म्हणतात, त्यातून काही कळत नाही. दिल्लीच्या पुसा संस्थेच्या पुसा नारंगी आणि पुसा बसंती या चांगल्या नावाच्या जाती आहेत, त्या मागितल्या तर भाऊ हात झटकतात. गेल्या हंगामात माझ्या नारिंगी ट्रेमधून मधूनच पिवळी फुलं निघाली. तोरणात ती शोभली, प्रश्न तो नाही. पण मखरासाठी एकरंगी माळा करणारा माणूस वैतागेल.

दुसरी तक्रार जास्त मोठी. माझ्याबरोबरच शेजारणीनेही रोपं नेली होती. माझी लागली आणि तिची महिन्याभरात माना टाकायला लागली. पानं हिरवीच, पण दुपारी झाड लोळायचं, संध्याकाळी जरा उठायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी खलास. ती एक झाड उपटून घेऊन भांडायलाच गेली, मी सोबत. भाऊंनी खोड तिरकं कापलं, चहाच्या काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेतलं आणि कापलेलं टोक त्यात धरून बसले. थोड्या वेळाने खोडातून दुधासारखी पांढरी तार पाण्यात उतरायला लागली. हा जिवाणूंचा मर रोग. मातीत असतो, वांगी, टोमॅटो, मिरची यांनाही होतो, आणि शेजारणीच्या त्या वाफ्यात आदल्या वर्षी वांगीच होती. औषध मारून झाड उठत नाही. मेलेली झाडं उपटून लांब न्यायची आणि त्या जागी या मंडळींपैकी काही लावायचं नाही. ग्लासातली ही परीक्षा कुणीही घरी करू शकतं आणि बुरशीची मर असेल तर अशी तार सुटत नाही, त्यामुळे दुकानदार देईल ते बुरशीनाशक घेऊन येण्याआधी करून बघा.

भाऊंचं निदान बरोबर होतं. पण पैसे परत दिले नाहीत, आणि इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. तारीख विचारता, तर जागाही विचारा की! "त्या वाफ्यात आधी काय होतं?" हा प्रश्न रोपं द्यायच्या आधी यायला हवा. हे मी तोंडावर सांगितलं. हल्ली विचारतात म्हणे.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की नाही, कळत नाही. भाऊ एक थाप हमखास मारतात, की गोंडा कडेने लावला की आत कीड येत नाही. अर्धं खरं आहे. गोंड्याच्या मुळांतून जे द्रव्य सुटतं त्याने मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत, कमी होतात, पण त्यासाठी अख्ख्या वाफ्यात एक हंगाम गोंडाच घ्यावा लागतो, कडेच्या चार झाडांनी काही होत नाही. टोमॅटोच्या शेतात १६ ओळींमागे गोंड्याची एक ओळ लावायची शिफारस आहे, तीही कीड पळावी म्हणून नाही. फळ पोखरणारी अळी टोमॅटो सोडून गोंड्यावर यावी, म्हणून. म्हणजे बळीचा बकरा. आणि पाऊस संपून हवा कोरडी झाली की लाल कोळी सगळ्यात आधी गोंड्यावरच चढतो. पानाच्या खाली बारीक जाळी दिसली की पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारायचा, रोज सकाळी. डिसेंबरपर्यंत झाड ओढत नेण्याचा हट्ट असेल तर हे करावं, मी तर सरळ उपटते.

फुलांविषयी. बुटक्या हायब्रिडचं फूल दिसायला देखणं, पण पावसाला वाईट. गच्च पाकळ्यांत पाणी साठतं, मान वाकते आणि फूल आतून तपकिरी पडतं. खरं तर ती प्रत्येक पाकळी म्हणजे एकेक स्वतंत्र फूल असतं आणि आपण ज्याला एक गोंडा म्हणतो तो त्यांचा घोस. सूर्यफूल, शेवंती, झिनिया आणि गडग्यावर आपोआप उगवणारा, लहानपणी खरचटलं की चोळायचो तो दगडी पाला, सगळे याच कुळातले. हायब्रिडमध्ये या पाकळ्या इतक्या दाटल्यात की वाऱ्याला आत जागाच नाही. उंच जुन्या गोंड्याचं फूल सैल असल्यामुळे पाऊस झटकून टाकतं. परतीच्या पावसात माझ्याकडे उंच गोंडाच टिकला. हायब्रिड गणपतीला आणि उंच दसऱ्याला, ही भाऊंची वाटणी मला पूर्ण पटते, फक्त गणपतीत उघडीप मिळेल याची हमी कुणीच देत नाही. पावसाचा रंग दिसला तर अर्धवट उमललेली फुलं आदल्या संध्याकाळी देठासकट कापून पडवीत पाण्यात ठेवलेली बरी. तोडलेली फुलं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका, तासाभरात आत वाफ धरते. बांबूची टोपली घ्या.

उंच गोंड्याचं बी वहिनी फुकट देतात, वर्तमानपत्राच्या पुडीत, पण मागितलं तरच, आणि भाऊ जेवायला गेलेले असताना. हे बी दरवर्षी आपलं आपण धरता येतं. फूल झाडावरच पूर्ण वाळू द्यायचं, मग ओढलं की काळ्या काड्या आणि टोकाला फिकट केस, तेच बी. हायब्रिडचं धरू नका, पुढच्या पिढीत उंची, रंग, आकार सगळी भेळ होते. माझ्या सासूबाई तर हायब्रिडला फूलच मानत नाहीत, कारण त्याला वास कमी. त्यांचं ऐकलं असतं तर ट्रे घेण्याची गरजच पडली नसती, पण गणपतीच्या मखराला त्या जुन्या गोंड्याची फुलं वेळेवर मिळत नाहीत, हेही त्यांना मान्य करावं लागतं.

हे झाड मूळचं मेक्सिकोचं. तिकडे नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला पितरांचा सण असतो आणि थडग्यांवर याच फुलांचे सडे घालतात. आपण तेच फूल दाराला, कोयत्याला, एसटीच्या बंपरला आणि होडीच्या नाळेला बांधतो. हर्णै बंदरात दसऱ्याला चक्कर मारा, खप किती आहे ते दिसेल.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. दुपारी एक ते चार भाऊ झोपतात, कुणासाठी उठत नाहीत. फोन उचलत नाहीत. तिथे नेटवर्क नाही, त्यामुळे रोख पैसे न्या. पंचवीसपेक्षा कमी रोपं देत नाहीत, ट्रे हवा असेल तर अनामत ठेवावी लागते आणि चिरलेला ट्रे परत केला की अनामतीतून कापतात, तेव्हा घेतानाच उलटसुलट बघून घ्या. बुकिंग तोंडी असतं आणि ते विसरतात, म्हणून गणपतीची रोपं हवी असतील तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात समोर जाऊन उभं राहणं हाच उपाय. हंगामाच्या शेवटी उरलेली रोपं निम्म्या भावात काढतात. ट्रेमध्येच कळी धरलेली, मुळं खालच्या भोकातून बाहेर आलेली, खोड लाकडासारखं झालेलं. स्वस्त म्हणून ती घेऊ नका. लावल्यावर तेवढं एक फूल देतात आणि तिथेच बसतात.